शालनचं हिरवं कार्ड

टाचणी अजून कातडीला लागलीच नव्हती, आणि शालन म्हणाली, "टोचलं."

माझा हात हवेतच होता. झालं असं की शेजारच्या खोलीत कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं, मी दचकले आणि टाचणी तिच्या मांडीपासून बोटभर अंतरावर थांबली. शालनचे डोळे मिटलेले होते. या तपासणीत ते मिटूनच ठेवायचे असतात. मी कशाने स्पर्श करते ते पेशंटने न बघता सांगायचं. टाचणी लागली तर 'टोचलं', कापूस लागला तर 'मऊ', आणि काहीच कळलं नाही तर गप्प राहायचं.

कापसाचा बोळा घेतला, तिच्या गुडघ्याकडे नेला आणि मुद्दाम मध्येच थांबवला.

"मऊ," शालन म्हणाली.

तेव्हा मी मान वर केली. तिच्या उशाशी तिची सासू उभी होती, हौसाबाई. दर बुधवारी तपासणीला ती तशीच उभी असायची, एक हात सुनेच्या खांद्यावर ठेवून. पाच आठवडे मी तो हात बघत होते आणि मनात म्हणत होते, काय माया आहे हो या बाईची, नाहीतर आमच्याकडे सासवा पहिल्या आठवड्यातच गावी पळतात. आता त्या हाताचा अंगठा मला दिसला. तो शालनच्या खांद्यात रुतलेला होता. माझी नजर गेली तसा तो हळूच उचलला गेला.

एकदा दाबला की टाचणी. दोनदा दाबला की कापूस. इतकं सोपं होतं, आणि मी अकरा वर्षं हीच तपासणी करत आले होते.

मी तपासणी पुरी केली. सगळी उत्तरं बरोबर आली. मी ती कागदावर लिहिली, पेनाला टोपण घातलं आणि म्हटलं, "हौसाबाई, राउंड झाला की मागच्या व्हरांड्यात या. मला बोलायचंय."

"व्हय," ती म्हणाली. घाबरलेली मुळीच दिसली नाही.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. सांगलीच्या बाजूला एका संस्थेचं इस्पितळ होतं, त्यात आमचा सोळा खाटांचा वॉर्ड. मणक्याला मार बसून ज्यांच्या पायांतली ताकद गेली, अशी माणसं आमच्याकडे यायची. विहिरीत पडलेली, खांबावरून पडलेली, स्लॅबवरून पडलेली. शालन कडब्याच्या गाडीवरून पडली होती. वर उभी राहून पेंढ्या रचत होती, बैल दोन पावलं पुढे सरले, तेवढ्यात झालं. सव्वीस वर्षांची मुलगी, पदरात चार वर्षांची लेक. बेंबीच्या वर सगळं ठणठणीत.

मणक्याच्या आतला दोर पूर्ण तुटलाय की थोडा शाबूत आहे, हे त्या टाचणी-कापसावर ठरतं. अगदी खालपर्यंत, बसायच्या जागेपर्यंत तपासावं लागतं. तिथे थोडंसं जरी कळलं, तरी इजा अपूर्ण. काहीच नाही कळलं तर पूर्ण. आमच्या वॉर्डात यावरून खाटेच्या पायथ्याशी कार्ड लागायचं. अपूर्ण म्हणजे हिरवं कार्ड आणि सोळा आठवडे मुक्काम. पूर्ण म्हणजे पांढरं कार्ड आणि सहा आठवड्यांत घरी. खाटा सोळा आणि वाट बघणारे चाळीस, म्हणून ही व्यवस्था. ज्याचे पाय परत येण्यासारखे आहेत त्याला जास्त दिवस द्यायचे, असा साधा विचार.

शालनला पहिल्याच तपासणीत हिरवं लागलं होतं. मीच लावलं होतं. पाच आठवडे झाले होते आणि मुळात ते कार्ड खोटं होतं.

मी दमले होते हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या वर्षी मी पंचेचाळिशीची होते आणि 'कधी चालणार?' हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आई विचारायची, बाप विचारायचा, एकदा एका पेशंटच्या गावचा पोस्टमन येऊन विचारून गेला. माझं एक ठरलेलं उत्तर होतं. "जे यायचं असतं ते आपोआप येतं. मी आणत नाही. आणि जे यायचं नाही ते मी काय, कुणीच आणू शकत नाही." हे वाक्य मी चहा ढवळताना म्हणावं इतक्या सहज म्हणायचे. सुरुवातीला म्हणताना माझे डोळे भरायचे. नंतर भरेनासे झाले, आणि त्याचंही मला काही वाटेनासं झालं.

तर त्या बुधवारी राउंड पुढे चालू. नऊ नंबरच्या खाटेवर सिदराम होता. सेंट्रिंगच्या कामावरून पडलेला, तिशीचा, दंड असे की बघत राहावं. पाच महिन्यांपूर्वी पांढऱ्या कार्डावर घरी गेला होता, आणि त्या सोमवारी परत आला होता. माकडहाडावर जखम, आत मूठ जाईल एवढी. एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी सडते. त्याला वेदना कळत नाही, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. त्याचा थोरला भाऊ मल्लाप्पा खाटेजवळ हात बांधून उभा होता.

"दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सांगितलं होतं की नव्हतं?" मी विचारलं.

"सांगितलं हुतं, म्याडम."

"मग? कागद दिला होता ना लिहून? का त्याची पुडी बांधलीत?"

"कामाला जायला लागतंय. सकाळी जातो, सांजच्याला येतो. बायकू हाय, पर तिला ह्यो हालत न्हाई."

"आणि आता हा वर्षभर इथे पडून राहील, ते चालेल?" मी आवाज चढवला. सगळा वॉर्ड ऐकत होता. "अहो, सख्खा भाऊ ना तुमचा?"

मल्लाप्पा मान खाली घालून उभा राहिला. सिदराम छताकडे बघत होता. सुवार्ता सिस्टर, आमच्या वॉर्डाच्या प्रमुख, यांनी हळूच माझ्या हातात पुढचा कागद सरकवला. म्हणजे आता पुरे, असा त्याचा अर्थ. ती खूण मला कळायची.

व्हरांड्यात जुन्या चाकाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत. हौसाबाई त्यांतल्याच एकीच्या हाताला धरून उभी होती. काळी, सुकलेली, कपाळावर मोठं हिरवट गोंदण. साठीची असेल.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"पैल्या तपासनीपास्नं."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवतंय? त्याच्या आदल्या बुधवारी, आमी नवं आलो तवा, तुमी आट नंबरच्या पोराला तपासलासा, म्या बगितलं. त्याला काय बी कळंना, त्याला पांडरं लागलं. धा नंबरच्या म्हाताऱ्याला कळलं, त्याला हिरवं. सिस्टरबाईस्नी इचारलं, ह्ये कशाचं वो? त्यांनी सांगितलं. मग काय ऱ्हायलं?"

"म्हणजे शालनला काहीच कळत नाही. कमरेखाली."

"न्हाई. काडी लावली तरी कळायची न्हाई." आज भाजी संपली म्हणून सांगावं, तसं तिने हे मला सांगितलं.

मला राग आला. खरं सांगायचं तर फसवणुकीचा तेवढा नाही. मला वाटलं, ही बाई अजून आशेवर बसलीय. सोळा आठवडे मिळाले की पाय येतील, असं धरून चाललीय. मग मी माझं ते वाक्य काढलं.

"हौसाबाई, ऐका. जे यायचं असतं ते आपोआप येतं. मी आणत नाही. तुम्ही सोळा आठवडे राहिलात काय आणि सोळा वर्षं राहिलात काय, तिचे पाय येणार नाहीत."

"म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"पाय न्हाई येनार त्ये. म्या काय खुळी हाय? तिला पडलेली म्याच उचलली. पाय असं लोंबत हुतं, वल्या धोतरागत. तवाच समजली म्या."

तिने खुर्चीचं चाक हाताने एकदा पुढे, एकदा मागे केलं.

"मग कशासाठी?" मी विचारलं.

"आता तुमीच म्हनलासा न्हवं, यायचं त्ये आपुआप येतंय? दर येकाला म्हनतासा. म्या पाच आटवडं ऐकतीया. मग मला सांगा डाक्टरीणबाई, ज्याचं पाय आपुआप येनार, त्याचं घरात बसून बी येत्याल की. त्याला ठिवून घेतासा सोळा आटवडं. आन् जिचं येनारच न्हाईत, जिला जलमभर हातावरच काढायचंय, तिला सहा आटवड्यात घालवतासा. ती शिकायची कवा? ह्ये कसलं वो?"

तुम्हाला वाटेल, मी काहीतरी उत्तर दिलं असेल. मी एम.डी. होते, दोन परदेशी परिषदांना जाऊन आलेली होते.

"नियम आहे," मी म्हटलं.

"कुनाचा?"

"संस्थेचा."

ती मान हलवून म्हणाली, "त्या नऊ नंबरच्या पोराच्या भावाला बोललासा. वाईट वाटलं मला. शिकिवलं न्हाई त्ये येतंय कुठनं?"

मग ती घरचं बोलली, फार नाही. शालनचा नवरा, उत्तम त्याचं नाव, तिचाच मुलगा, वाईट नाही. पण बाई आडवी घरात आली की माणसं येतात, मुलासाठी मागणी घेऊन येतात. थोरल्या जावेची भाची आहे लग्नाची, ती आत्ताच गोड बोलायला लागलीय. "शालन आडवी ग्येली तर म्या कुनाकुनाचं त्वांड धरू? बसती ग्येली, खुर्चीतनं उतरून चुलीम्होरं बसली, लेकीची येनी घातली, तर म्या दारात उबी ऱ्हाऊन सांगीन, घर भरलेलं हाय आमचं. मला पाय नकोत तिचं. बसवून द्या फकस्त."

"मी बघते," मी म्हटलं. हे डॉक्टर लोक केव्हा म्हणतात ते तुम्हाला ठाऊकच असेल.

आता एक कबूल करते. तो नियम संस्थेचा नव्हता. तो माझा होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका पानावर लिहून संस्थेला दिला होता, आणि संचालक डॉ. टेंबे खूश झाले होते. 'जिथे फायदा, तिथे खाट' असं त्याचं त्यांनी सुटसुटीत करून टाकलं होतं. फायदा म्हणजे पाय, हे मी धरूनच चालले होते. त्या वयात पाय सोडून दुसरा फायदा असतो, हे मला सुचलंच नव्हतं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून जमिनीवर, आपलं आपण वळणं, हे सगळं शिकवायचं वेळापत्रक मी सातव्या आठवड्यापासून पुढे ठेवलं होतं. पाठीचं ऑपरेशन भरून येईपर्यंत सहा आठवडे जातातच. म्हणजे पांढऱ्या कार्डाचं माणूस शिकायच्या आदल्या दिवशी घरी जायचं. अकरा वर्षं. मी व्हरांड्यातून आत आले आणि हे मला पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणजे काय, कळूनही मी चहा घेतला, दोन कागदांवर सह्या केल्या.

आणि त्यात शुक्रवारी टेंबे येणार होते. हिरवी कार्डं फार झाली आहेत, असं त्यांचं पत्र आलं होतं. ते स्वतः दोनचार पेशंट तपासून बघणार होते. म्हणजे शालनचं खोटं पकडलं जाणार, आणि ते माझ्या सहीने लिहिलेलं. मी कपाटातून एक पांढरं कार्ड काढलं, त्यावर शालनचं नाव घातलं आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं. शुक्रवारच्या आधी बदलायचं, एवढंच काम होतं.

गुरुवारी सकाळी मी सुवार्ता सिस्टरना विचारलं, "तुम्हाला दिसला होता का तो अंगठा?"

"मी वॉर्ड बघते मॅडम," त्या म्हणाल्या, "अंगठे नाही बघत." आणि त्या औषधांचा ट्रे घेऊन निघून गेल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एवढं तोडून कधी बोलल्या नव्हत्या.

मग मी सिदरामच्या जखमेकडे गेले. ड्रेसिंग एरवी सिस्टरच करत, त्या दिवशी मी हातमोजे चढवले. का ते सांगता येणार नाही. त्याला पालथा घातला, जुनी पट्टी सोडवली. हाड दिसत होतं. त्याला काही कळत नव्हतं, तो उशीवर हनुवटी टेकून माझ्याशी गप्पा मारत होता, गावात यात्रा होती, बैल कुणाचा आला, असं. मी पुसत होते.

"सिदराम," मी म्हटलं, "घरी दोन तासांनी कूस बदलत नव्हतास का रे?"

"कोन बदलनार, म्याडम? दादा कामाला. वैनीला मी उचलंना."

"अरे, पण तू स्वतः?"

तो थांबला. मान वळवून माझ्याकडे बघायचा प्रयत्न करायला लागला.

"सोता बी बदलता येतंय व्हय?" त्याने विचारलं.

माझा चिमटा हातातच राहिला. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो खरोखर विचारत होता. ते दंड, ते सेंट्रिंगच्या प्लेटा उचलणारे हात, आणि पाच महिने तो पोरगा सकाळी ठेवला तसा संध्याकाळपर्यंत पडून होता, कारण आपल्याला वळता येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी काल सगळ्या वॉर्डासमोर त्याच्या भावाचं माप काढलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"येतं," मी म्हटलं. "येतं रे."

ड्रेसिंग पुरं केलं. हात धुतले. पांढरं कार्ड खिशातच होतं, आणि मी दुपारभर ते खिशात घेऊन फिरले. लावलं नाही, फाडलंही नाही. धाडसी बाई नाही मी. नोकरी जाईल, नाव जाईल, हे सगळं मनात येऊन गेलं. नियम बदला, म्हणून टेंब्यांना सांगायचं तर ते म्हणणार, चार सभा घेऊ, आणि सभांत चार महिने जाणार. शालनचा सहावा आठवडा रविवारी पुरा होत होता.

शुक्रवारी अकरा वाजता टेंबे आले. हाडांचे डॉक्टर, उंच, नेहमी घाईत. स्वभावाने वाईट नव्हते, पण घड्याळाच्या काट्यावर चालणारे. पहिला पेशंट तपासला, दुसरा तपासला, दोन्ही हिरवी खरी निघाली. तिसरी शालन.

"नातेवाईक कोण? बाहेर थांबा तुम्ही," त्यांनी हौसाबाईला सांगितलं.

"म्या हितंच उबी ऱ्हाते की. काय बोलत न्हाई."

"नाही, बाहेर. तपासणीला कुणी नको."

हौसाबाईने माझ्याकडे बघितलं. विनवणी वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. बाजारात एखादी वस्तू हातातून घसरून फुटली की माणूस जसं खाली बघतं, तसं तिने एकदा बघितलं आणि ती पदर सावरत बाहेर गेली. सुवार्ता सिस्टरनी पडदा ओढला.

शालनचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेंब्यांनी टाचणी आणि कापूस हातात घेतला. "डोळे मिट बाळ. लागलं की सांगायचं, काय लागलं ते. नाही लागलं तर गप्प."

तिने डोळे मिटले.

वरचा भाग तिने बरोबर सांगितला, छाती, पोटाचा वरचा भाग. तिथे तिला कळतच होतं. टेंबे खाली सरकत होते. बेंबीपाशी आले. मी इतका वेळ त्यांच्या बाजूला कागद घेऊन उभी होते. मी कागद सिस्टरच्या हातात दिला आणि उशाकडे गेले.

"काय झालं?" टेंब्यांनी विचारलं.

"घाबरलीय ती," मी म्हटलं. "पोटाचे स्नायू आखडतात. मी धरते."

मी माझा हात शालनच्या खांद्यावर ठेवला.

टेंब्यांची टाचणी ओटीपोटाला लागली. मी अंगठा दाबला. एकदा.

शालनने डोळे उघडले. तिने वर, माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, मी टेंब्यांच्या हाताकडे बघत राहिले. तिने डोळे परत मिटले.

"टोचलं," ती म्हणाली.

मांडीला कापूस. दोनदा दाबला. "मऊ." गुडघ्याला टाचणी. "टोचलं." माझा अंगठा घामाने ओला झाला होता. पोटरीवर टेंबे थांबले, टाचणी हवेत धरून कागदाकडे वळून काहीतरी बघायला लागले. माझ्या बाबतीत बुधवारी जे झालं होतं तेच. मी अंगठा उचलून ठेवला. शालन गप्प राहिली. टेंब्यांनी मग टाचणी लावली, मी दाबलं, ती बोलली. शेवटी तिला कुशीवर वळवलं, सगळ्यात खालची जागा तपासायला. वळवलेल्या माणसाला खांद्याला धरावंच लागतं, त्यामुळे तिथे कुणाला काही वाटायचं कारणच नव्हतं. सुवार्ता सिस्टर समोर उभ्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या.

"टोचलं," शालन म्हणाली. "मऊ. टोचलं."

"हं," टेंब्यांनी मोजे काढले. "अपूर्ण आहे. बरोबर आहे तुमचं, गद्रे. मी उगीच शंका घेतली."

"नाही, शंका बरोबर होती," मी म्हटलं. तेवढं एक खरं मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले, आणि ते हसून पुढच्या खाटेकडे गेले.

पडद्याबाहेर हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली.

"हिरवंच आहे," मी म्हटलं.

तिने माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा उलटा करून बघितला. लाल झाला होता. तिने तो पदराने पुसला, लहान पोराचं बोट पुसावं तसा.

"सोमवारपास्नं शिकवाल न्हवं?" तिने विचारलं.

"सोमवारपासून."

शालनचं पुढे काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. ती सोळा आठवडे राहिली. खुर्चीतून जमिनीवर उतरायला शिकली, परत चढायला शिकली, त्याला जास्त वेळ लागला. गेली तेव्हा बसून गेली. दोन वर्षांनी तपासणीला आली तेव्हा लेकीच्या दोन वेण्या घट्ट घातलेल्या होत्या आणि तिचा नवरा, उत्तम, खुर्ची ढकलत होता. भाचीबद्दल मी विचारलं नाही. नियम बदलायला मला तीन वर्षं लागली, टेंबे निवृत्त झाल्यावर. तोवर वाट बघणाऱ्यांची यादी चाळीसची सत्तर झाली, आणि तीही माझ्याच माथी. पण त्या तीन वर्षांत माझ्या वॉर्डात एकही पांढरं कार्ड लागलं नाही. संस्थेच्या अहवालात त्याचं कौतुकही छापून आलं. मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. त्याच्या आधीच्या अकरा वर्षांत जी पांढरी कार्डं लागली, त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की आपलं आपल्याला वळता येतं, हे मी कधी शोधायला गेले नाही. माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती, हे खरं.

त्या शुक्रवारी टेंब्यांची गाडी गेल्यावर मी वॉर्डात परत आले. मल्लाप्पा आला होता, डब्यात भात घेऊन. मी त्याला म्हटलं, "परवा मी तुम्हाला बोलले. चूक तुमची नव्हती." त्याला ते ऐकून इतकं अवघड झालं की तो डबा धुवायला निघून गेला, डबा भरलेला असताना.

मी नऊ नंबरच्या खाटेशी स्टूल ओढलं. हे शिकवायचं काम माझं नव्हतं, ते व्यायामवाले करत. मी अकरा वर्षांत स्वतः एकालाही शिकवलं नव्हतं.

"सिदराम, डावा पाय हाताने उचल आणि उजव्यावर ठेव. हां. आता दोन्ही हात जोड, कोपरं ताठ. एकदा तिकडे झोका, एकदा इकडे. तिसऱ्या झोक्याला मान आणि हात दोन्ही टाक. पाय मागून येतात."

"आपुआप?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तू आणायचे."

त्याने एकदा झोका घेतला, दोनदा घेतला. तिसऱ्या वेळी खाट करकरली आणि तो कुशीवर वळला. तोंड भिंतीकडे झालं. मग त्याची पाठ गदगदायला लागली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी काहीच दाबलं नाही.